उभ्या गाडीची झीज

आमच्या घरची वाटणी 2023 च्या दिवाळीत झाली. बागेचे सरळ तीन भाग पडले आणि विहिरीच्या पाळ्या ठरल्या. घर थोरल्या चुलत्यांकडे गेलं, त्याचे पैसे इतरांना द्यायचे असं ठरलं. भांड्यांवरून कुणी शब्द काढला नाही. मग चिंचेखालच्या पिकअपचा विषय निघाला आणि बैठक तिथेच थांबली.

टाटा 207, घेतली 1996 साली, नंबर एमएच 10 चा. माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या नावावर. पण पैसे तिघा भावांचे आणि चालवणारे धाकटे काका. एक चुलतभाऊ म्हणाला, किलोवर घालू. दुसरा म्हणाला, चालू केली तर दीड लाखाला मरण नाही. धाकटे काका काहीच बोलले नाहीत. शेवटी थोरले चुलते माझ्याकडे बघून म्हणाले, "आक्का, तुला गाडी नकोय. मग किंमत तूच ठरव."

गाडी मला नको होती हे खरंच. मी चिंचवडला एका मशिनशॉपमध्ये तपासणी विभागात काम करते. मायक्रोमीटर, बोअर गेज, पास-नापासाचे शिक्के, यांत पंधरा वर्षं गेली. एखादा भाग किती झिजलाय हे सांगायचं, का झिजला याचा अंदाज करायचा आणि पुढे वापरायचा की नाही ते लिहायचं. गाडीचंही तेच करायचं, असं वाटून मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन चिंचेखाली गेले तेव्हा लक्षात आलं, आपण या गाडीकडे गेली नऊ वर्षं पाहिलेलंच नाही. येता-जाता दिसायची तेवढंच. पुढच्या काचेवर चिंचेचा पाला कुजून काळा थर झालेला. डाव्या दाराच्या बिजागरीत गांधीलमाश्यांचं रिकामं पोळं. चारही चाकं बसलेली, रिम मातीत चार बोटं रुतलेली. नंबरप्लेटचा पिवळा रंग पोपडे धरून निघाला होता आणि खालून जुना पांढरा डोकावत होता. मालवाहू गाड्यांच्या पाट्या आधी पांढऱ्या असायच्या, नंतर पिवळ्या झाल्या. काकांनी तेव्हा पाटी नवी न करता त्याच पत्र्यावर रंग दिला होता.

गाडी शेवटची चालली जून 2014 मध्ये. अण्णांच्या तेराव्याचा मांडव तासगावहून आणला आणि परत पोचवला, ती शेवटची खेप. त्यानंतर काकांनी किल्ली देवघराच्या खुंटीला अडकवली. त्याच महिन्यात बेदाण्याच्या एका व्यापाऱ्याने दोन लाख दहा हजार देऊ केले होते. काका म्हणाले, "बघू." पुढच्या वर्षीही तेच म्हणाले. त्यांच्याकडून गाडी मागून घ्यायला कुणाचं तोंड उघडलं नाही. अण्णांचं नाव असलेली ती एकच वस्तू अंगणात उरली होती, आणि ती विकायची म्हणजे आरसी बुकावरचं त्यांचं नाव काढायचं. हे घरात सगळ्यांना कळत होतं, मलाही. म्हणून मीही नऊ वर्षं काही बोलले नाही.

तपासणीला तासगावचे एक मिस्त्री बोलावले. सत्तरीचे, 207 च्या पहिल्या गाड्यांपासून हात काळे केलेले. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, 1988 मध्ये टाटामोबाइल 206 आणली, तिचीच ही थोडी जास्त वजन उचलणारी बहीण. इंजिन 1948 सीसीचं साधं डिझेल, ना टर्बो ना कुठलं इलेक्ट्रॉनिक. म्हणूनच गावोगावचे मिस्त्री ते डोळे मिटून उघडतात. चुलतभाऊ नवी बॅटरी घेऊन तयारच उभा होता. मिस्त्रींनी ती बाजूला ठेवायला लावली.

"किल्लीला कुणी हात लावायचा न्हाई. नऊ वर्सं झोपलेल्या माणसाला कुणी धावाय लावतं का?"

जुनी गाडी बघायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण ती चालू करून बघायचा आग्रह धरतो. पण बरीच वर्षं उभ्या असलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल ओघळून गेलेलं असतं. दमटपणाने पिस्टनच्या रिंगा आणि लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली नळी, एकमेकांना गंजाने धरतात. अशात स्टार्टर मारला की रिंग तुटते किंवा लायनरला ओरखडा पडतो, आणि चार दिवसांच्या धीराने वाचलं असतं ते इंजिन बोअरला, म्हणजे सिलिंडर पुन्हा कापून घ्यायला, जातं. मिस्त्रींनी आधी तेलाची पट्टी काढून दोन बोटांत तेल चोळून पाहिलं. काळं होतं, पण दुधाळ नव्हतं. म्हणजे पाणी तेलात उतरलेलं नव्हतं. मग डिझेल फवारणारे नोझल काढून चारही भोकांतून डिझेल आणि ऑइल मिसळून ओतलं, भोकांवर चिंध्या दाबल्या, गाडी न्यूट्रलला आहे याची खात्री केली आणि म्हणाले, "आता चार दिस हिला कुणी विचारायचं न्हाई."

त्या चार दिवसांत मी बाकीची गाडी तपासली. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून डावीकडे लिहिलं ‘चालून झिजलेलं’ आणि उजवीकडे ‘उभं राहून झिजलेलं’. कामावर सवयच आहे, दोष नुसता लिहायचा नाही, कुठून आला तेही लिहायचं.

टायरवर, आतल्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरवर 2213 होतं, म्हणजे 2013 सालचा बाविसावा आठवडा. काकांनी त्या दुष्काळात नवे टायर घातले होते. हौद्यात हजार लिटरची टाकी ठेवून बागेसाठी पाणी ओढायचे. पाण्याचं वजनच एक टन, त्यात कच्चा रस्ता, जुन्या टायरवर जीव टांगणीला लागायचा. वर्षभर चालले असतील नसतील. नक्षी जवळजवळ नव्यासारखी होती, बोटाचं अर्धं पेर आत जात होतं. पण बगलेवर सगळीकडे उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या भेगा. स्टेपनी धरून पाच टायर, 31,000 रुपये, उजवीकडे.

डिझेलच्या टाकीचं झाकण उघडलं तर वॉर्निशसारखा वास आला. अर्धी रिकामी टाकी रात्री गार पडते, आतल्या हवेतलं पाणी भिंतीवर दव धरतं आणि तळाला जमतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे बुरशी वाढते. तळात गाळ होता, शेंबडासारखा आणि काळा. असला गाळ पंपात गेला तर पंप संपलाच. डिझेल पंपाचे प्लंजर ज्या फटीत सरकतात ती दोन-तीन मायक्रॉनची असते, आणि आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. असे भाग मी रोज मोजते. नाशिकच्या कारखान्यात नोझल किती जपून बनतात हे माहीत असल्यामुळे तो गाळ पाहून पोटात ढवळलं. टाकी, पंप, चार नोझल मिळून 19,000, उजवीकडे.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, त्यामुळे चाकांचे सिलिंडर आतून खड्डे पडून गंजले होते. क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटली होती. वायरिंग उंदरांनी कुरतडलं होतं आणि एअर फिल्टरच्या डब्यात त्यांनी काकूंच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या नेऊन घर केलं होतं. सगळं उजवीकडे.

डावीकडे काय आलं? स्टिअरिंगचे सांधे, कमानपाट्यांचे बुश, शॉक ॲब्सॉर्बर, दुसऱ्या गिअरची कुरकुर. सगळं मिळून 21,500. ही गाडी अठरा वर्षं चालली होती. हंगामात रात्री द्राक्षाच्या पेट्या भरून निघायची आणि पहाटे वाशीच्या बाजारात उभी राहायची. शेणखत, ऊस, शाळेची पोरं, बाळंतिणी, दोन वेळा अख्खं वऱ्हाड तिने वाहिलं. मीटर 2009 मध्ये बंद पडला. पण काकांच्या डिझेलच्या वहीवरून हिशोब काढला तर चार लाख किलोमीटरच्या पुढे जातो. एवढ्या चालण्याची झीज 21,500. उजवीकडची बेरीज आली तेव्हा मी दोनदा करून पाहिली. 1,14,000.

मला हे ठाऊक असायला हवं होतं. आमच्याकडे साठ्यात पडलेल्या मालाला गंजाचं तेल लावतात, कागदात गुंडाळतात, तारीख टाकतात, कारण न वापरलेली वस्तू आपोआप जपली जात नाही. चालती गाडी स्वतःला तेल लावत राहते, तापून ओल उडवते, उंदराला बसू देत नाही. आणि कुणीतरी रोज तिचा आवाज ऐकत असतो. घरच्या गाडीकडे मात्र आम्ही ‘उभी तर आहे, काय खाते’ असं म्हणून बघत होतो.

चौथ्या दिवशी मिस्त्रींनी क्रँकच्या पुलीला लांब पाना लावला. जोर केला नाही, नुसतं मागे-पुढे, मागे-पुढे, घड्याळाला किल्ली द्यावी तसं. पंधरा मिनिटं काही नाही. मग एक बारीक ‘कट्’ आवाज झाला आणि पाना दोन बोटं सरकला. मिस्त्रींनी डोळे मिटले. अर्ध्या तासात पुली पूर्ण फिरली. काका ओट्यावरून उठून जवळ आले, त्यांनी पान्यावर स्वतःचा हात ठेवला आणि एक फेरा फिरवून पाहिला.

मला वाटलं, दीड लाखवाला चुलतभाऊ जिंकला.

मग मिस्त्री छोटा हातोडा घेऊन गाडीखाली गेले. चेसीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, दर वितीवर टिचकी मारत जायची. चांगलं लोखंड टणकारतं. कुजलेलं भद्द वाजतं. पुढून केबिनपर्यंत टणटण आवाज येत होता. हौद्याखाली, मागच्या कमानपाट्याच्या हँगरपाशी आवाज बदलला. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर लावला आणि तो आरपार गेला.

तिथेच का गंजलं हे काकांनी सांगितलं आणि मला त्यातलं रसायन कळलं. हौद्यात बागेवर फवारायच्या बोर्डोचं पिंप असायचं, मोरचूद आणि चुना. विरघळलेला मोरचूद लोखंडाला लागला की तांबं लोखंडावर बसतं आणि लोखंड विरघळून जातं. शाळेत खिळा बुडवून करतात तोच प्रयोग. सांडलेलं द्रावण फळीच्या फटीतून त्या कोपऱ्यात उतरायचं. त्याच्यावर पोटॅशच्या पोत्यांतली भुकटी, शेणखताची ओल. गाडी रोज चालत होती तोवर काका दर अमावास्येला विहिरीच्या मोटारीने ती खालून धुवायचे. धुणं थांबलं, चिंचेचा पाला वरून साठत गेला आणि दहा पावसाळे ती सगळी मीठं तिथेच ओली राहिली. चेसीच्या पोकळ पेटीचा एक कोपरा आतून कागद झाला होता.

चेसीला वेल्डिंग करून पट्टी मारता येते, करतातही. मिस्त्री म्हणाले, "करतो म्हटलं तर करंन. पर माल भरून हिच्यावर पोरगं बसवायचं म्हटलं तर मी करायचा न्हाई." त्यांनी मजुरी सोडली त्या वाक्यात. मी ते वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं.

कागदांचं पारडं तर याहून जड निघालं. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग लागतं. आमचं नोव्हेंबर 2014 ला संपलेलं. एजंटने नियम दाखवला, उशिराच्या प्रत्येक दिवसाला 50 रुपये. वर्षाचे 18,250. सव्वादोन-अडीच वर्षांत गाडीचं सगळं लोखंड त्यात विरघळतं. त्यात थकलेला कर, आठ वर्षांवरच्या मालगाडीला लागणारा पर्यावरण कर, आणि नाव मयताचं असल्याने वारसांचं सगळं प्रकरण. गाडी वापरात नाही असं आरटीओला आगाऊ लिहून कळवलं असतं तर त्या काळाचा कर तरी वाचला असता. एक अर्ज होता तो. आमच्यातलं कुणीही एका सकाळी सांगलीला जाऊन देऊ शकलं असतं.

भाच्याने फोनवर ‘व्हिंटेज’चं काढलं. तेही तपासलं. 2021 च्या नियमांप्रमाणे त्याला गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते. आमची सत्तावीस वर्षांची. सरकारमान्य मोडकेंद्रात दिली तर जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं आणि नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. पण नवी गाडी कुणाला घ्यायची नव्हती, आणि तिथे गाडी सगळीच्या सगळी द्यावी लागते. आत्ताच फिरलेलं ते इंजिनसुद्धा. तो मार्ग कागदांच्या दृष्टीने सर्वांत सरळ होता हे मी सगळ्यांना सांगितलं. माझं मत मात्र इंजिन वाचवावं असं होतं, तेही सांगितलं.

तर किमती अशा आल्या. चालू करून विकायची म्हटली तर बाजारात दीड लाख, वजा दुरुस्ती 1,35,500, हातात 14,500, आणि त्यातून दंड-कर द्यायचा म्हणजे उलट खिशातले जाणार. शिवाय कुजलेल्या चेसीची गाडी दुसऱ्याच्या पोराला विकायची. हे मी लिहिलं आणि त्यावर काट मारली. किलोवर घातली तर 1,520 किलो, 28 रुपये दराने 42,560. तिसरा हिशोब मिस्त्रींनी दिला. त्यांच्याकडे दुसरी एक 207 होती, चेसी ठणठणीत, इंजिन गेलेलं. आमचं इंजिन आणि गिअरबॉक्स 35,000, मागचा ॲक्सल 12,000. उरलेलं लोखंड टायर-लाकूड वगळून 1,050 किलो, त्याचे 29,400. एकूण 76,400.

मी कागदावर 76,400 लिहिलं.

खाली आणखी एक आकडा लिहिला होता, तो वाचावा की नाही यावर रात्रभर विचार केला. 2014 मधले दोन लाख दहा हजार वजा 76,400, म्हणजे 1,33,600. जून 2014 पासून 113 महिने. महिन्याला साधारण 1,180 रुपये. चालवली असती तरी गाडीची किंमत उतरलीच असती, हे खरं. पण मग त्या बदल्यात खेपा झाल्या असत्या. आम्ही दर महिन्याला 1,180 रुपये देत होतो आणि त्या पैशात आम्हाला एवढंच मिळत होतं, की तो विषय काढावा लागत नव्हता. मी तो आकडा वाचला. काकांना दोष द्यायला नव्हे, कारण त्या 113 महिन्यांत मी दर दिवाळीला आणि दर गणपतीला त्या चिंचेखालून गेले होते.

थोरल्या चुलत्यांनी विचारलं, "हे सगळ्यांत वाटायचं म्हंतीस?" मी म्हटलं, "हो. तोटाही तिन्ही घरांत सारखा." कुणी हरकत घेतली नाही.

मोडण्याआधी नोंदणी रद्द करायची होती. गाडी कायमची निकामी झाली की मालकाने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असा कायदाच आहे, मोटार वाहन अधिनियमाचं कलम 55. नुसती भंगारवाल्याला दिली आणि नंबर जिवंत राहिला, तर उद्या तो कुठल्या चोरीच्या गाडीवर लागेल सांगता येत नाही. मिस्त्रींनी चेसीवरचा नंबर वायरब्रशने साफ केला, मी त्यावर कागद धरून पेन्सिल घासली आणि आकडे एकेक करून उमटले. ठसा आरसी बुकाशी जुळला. मग कटरने तो तळहाताएवढा तुकडा कापला आणि अण्णांच्या मृत्यूच्या दाखल्यासह सगळे कागद घेऊन आम्ही तिघी-चौघं सांगलीला गेलो. काकाही आले. सही कुठे करायची ते त्यांनी एकदाच विचारलं.

इंजिन दुसऱ्या गाडीत बसलं ते फेब्रुवारीत, ऐन बेदाण्याच्या हंगामात. पहिल्यांदा चालू करताना मिस्त्रींनी निरोप पाठवला. मी रजा काढून गेले, काका आधीच पोचले होते. शेडमध्ये काळ्यापांढऱ्या धुराचा लोट उठला, मग धूर विरळ होत गेला आणि आवाज एका लयीत आला. काकांनी मान तिरकी केली. त्यांना कमी ऐकू येतं हल्ली, म्हणून बॉनेटच्या अगदी जवळ गेले.

"तिसरा नोझल," ते म्हणाले. "टपकतोय."

मिस्त्रींनी एकेक पाइप ढिला करून पाहिला. तिसऱ्याला आवाज बदलला नाही. नोझल साफ करून तेच बसवले होते. हा बदलायचा राहिला होता.

"ह्यो तेव्हापासनंच हाय," काका मला म्हणाले. "पानी ओढायचो तेव्हा लागला टपकाय. पावसाळ्याआधी बदलू म्हटलं होतं अण्णाला." थोडं थांबून म्हणाले, "तुझ्या वहीत ह्यो कुठल्या बाजूला धरलाईस?"

मी वही काढली. नोझल चारही उजवीकडे, पंपाच्या रकमेत होते.

"मग ते चूक हाय. ह्यो चालताना गेलाय."

मिस्त्रींनी एका नोझलचे 1,800 सांगितले. उजवीकडचे 1,14,000 मी खोडले, 1,12,200 केले. डावीकडचे 21,500 खोडून 23,300. काकांनी चष्मा लावून दोन्ही आकडे वाचले आणि वही परत दिली.